खंडेनवमीचं निकेल

विश्वंभर ढवळे यांनी आयुष्यात कुणाच्या पत्राला उत्तर दिले नाही, असे कधी झाले नव्हते. दूरच्या नातेवाइकाची लग्नपत्रिका आली तरी ते दोन ओळींचे पोस्टकार्ड धाडत. समोरासमोर बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची, म्हणून असेल, पण कागदावर ते कुणाचे देणे ठेवत नसत. दिवाळीच्या पाडव्यानंतर दिल्लीहून आलेले एक पत्र मात्र त्यांच्या टेबलावर पडून राहिले. ते त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, विद्युत्-रसायनाच्या एका जाडजूड ग्रंथात खूण म्हणून घातले आणि तो ग्रंथ उघडायचाच बंद केला.

पत्र राष्ट्रीय मानक समितीचे होते. यंत्रे माणसाचा आवाज आणि सही हुबेहूब उठवू लागल्यापासून अशा समित्यांची मते शाईच्या सहीने, कागदावर आणि टपालानेच मागवली जात. मजकूर सरळ होता. निकेल वापरलेले इंधनघट विश्वासार्ह नाहीत असे समितीचे मत झाले आहे. यापुढे त्यांना परवाना मिळणार नाही. आपण समितीचे सदस्य आहात. महिनाअखेरपर्यंत आपले उत्तर न आल्यास आपली संमती गृहीत धरू. असहमत सदस्याने सुनावणीला हजर राहून आपले म्हणणे तोंडी मांडावे.

खाली अध्यक्षांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'विशू, अहवालात तुझ्या संशोधनाचा गौरवाने उल्लेख केला आहे. तुला दिल्लीला येण्याचा त्रास नको. नुसता गप्प राहा. तुझा, जयवंत.'

गप्प राहणे विश्वंभररावांना कुणी शिकवायला नको होते.

त्या निकेलची गोष्ट थोडक्यात अशी. हायड्रोजनपासून वीज करायची तर तो जाळायचा नसतो. इंधनघट म्हणजे एक पेटी, तिच्यात मधोमध एक पातळ पडदा असतो. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. हायड्रोजनच्या अणूपासून इलेक्ट्रॉन सुटा करायचा आणि त्याला तारेच्या लांबच्या रस्त्याने पलीकडे पाठवायचे. त्याचा तो प्रवास म्हणजेच वीज. पलीकडे पोचल्यावर तो प्राणवायूला भेटतो आणि पाणी तयार होते. पण हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन सुखासुखी सोडत नाही. त्यासाठी मध्यस्थ लागतो; सोयरीक जुळवतो, पण स्वतः कुठल्याच घरचा होत नाही, असा. त्यालाच उत्प्रेरक म्हणतात. जुन्या पेट्यांमधला पडदा आम्लधर्मी. त्या आम्लात बाकीचे स्वस्त धातू विरघळून जात, टिके ते प्लॅटिनम. आणि प्लॅटिनम जगातल्या मोजक्या खाणींतून येते. ढवळ्यांनी उमेदीची सगळी वर्षे अल्कधर्मी पडद्याच्या पेटीवर घालवली. अल्कात निकेल टिकते. स्टीलच्या भांड्यात असते तेच निकेल. त्याच्या सूक्ष्म कणांवर त्यांनी कार्बनचा काही अणूंइतका पातळ पापुद्रा चढवला आणि ते प्लॅटिनमच्या तोडीचे काम करू लागले.

निवृत्तीनंतर ते पुण्याची प्रयोगशाळा सोडून इचलकरंजीला, आपल्या कोष्टी आळीत परतले. तोवर शिरोळकडच्या क्षारपड रानांवर सौरपट्ट्या पसरल्या होत्या आणि तिथे पाण्यातून काढलेला हायड्रोजन नळाने शहरात येऊ लागला होता. यंत्रमागांच्या शेडमध्ये प्लॅटिनमच्या पेट्या आल्या, त्या कंपनीच्या भाडेकराराने आणि कंपनीच्या कुलपात. कुणी स्क्रूला हात लावला तर पेटी आपोआप बंद पडे आणि कंपनीचा माणूस येईस्तोवर माग उभे. ढवळ्यांच्या निकेल पेटीला कुलूप नव्हते. चार स्क्रू काढले की ती उघडायची. त्यांच्यासारख्या भिडस्त माणसाने आयुष्यात हट्ट धरला तो एवढाच.

त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी वैजयंता हिने बापामागे सोळा मागांची शेड चालवायला घेतली होती. तिनेच आळीतल्या मागवाल्यांना पटवून ही पेटी घरोघरी बसवली. माझ्या काकांचं निकेल आहे, असे ती सांगायची आणि लोक ऐकायचे. वर्षभर सगळे सुरळीत चालले. मग दसऱ्यानंतर आळीतल्या सगळ्या निकेल पेट्या एकामागून एक आचके देऊन बंद पडल्या. समितीचा इंजिनिअर आला, पेट्या वापरताना काही हयगय झाली का म्हणून त्याने घरोघर विचारले, सगळ्यांनी नाही म्हटले आणि तो आकडे घेऊन गेला.

तेव्हापासून विश्वंभरराव घराबाहेर पडले नव्हते. पापुद्र्यात आपणच कुठेतरी चुकलो, ही चूक आयुष्यभर आपल्या कामात लपून होती आणि ती आपल्याच आळीत येऊन फुटली, अशी त्यांची खात्री होत चालली होती.

महिना सरत आला तशी एके सकाळी वैजयंता आली. डब्यात पातळ पोहे आणि कपाळाला आठ्या. पत्राची बातमी तिला समितीच्या जाहीर सूचनेतून कळली होती. तिने आधी शांतपणे विचारले, मग जरा कमी शांतपणे. आळीत आपल्याला काय ऐकून घ्यावे लागते तेही सांगितले. सूतवाला हसतो. शेजारचे बुगड आता 'तुझ्या काकाचं निकेल' असे म्हणतात, आणि त्यात 'निकेल' हा शब्द शिवीसारखा येतो. यातले तिला काहीच फारसे लागलेले दिसत नव्हते. काका गप्प बसले, ते मात्र लागले होते.

"गप्प बसलं तर हो म्हटल्यासारखं हाय, असं लिवलंय न्हवं त्यात?" ती म्हणाली. "मग तुमी गप्प न्हाई बसलेला. तुमी हो म्हणून बसलाय."

तिने त्यांच्या चपला दारात आणून ठेवल्या.

शेडमध्ये निम्मे माग उभे होते. बाकीचे महागड्या विजेवर, जमेल तेवढा वेळ चालत. खटखटाटात बोलायची सोय नव्हती आणि विश्वंभररावांना तेच बरे वाटले. पेटी कोपऱ्यात होती. त्यांनी चार स्क्रू काढले, वरचे झाकण उचलले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. आत एकावर एक रचलेल्या पत्र्यांपैकी पहिल्यावर, हायड्रोजन आत शिरतो त्या तोंडालगत, हळदीकुंकवाचे बोट ओढलेले होते.

त्यांनी माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावले. बाबालाल मुल्ला त्या शेडमध्ये वैजयंतेच्या वडलांच्या वेळेपासून होता आणि माग बिघडला की नुसत्या आवाजावरून कुठला ते सांगायचा. हे काय, असे त्याला विचारल्यावर तो जरा चकितच झाला. खंडेनवमीचं, म्हणाला.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. इचलकरंजीत खंडेनवमीला माग बंद ठेवून धुतले-पुसले जातात. कापसाची तूस सांध्यासांध्यांत बसलेली असते, ती कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढतात. तेलपाणी होते, झेंडू वाहतात आणि यंत्राला एक दिवस विश्रांती देतात. नवी पेटी आता घरचीच झाली होती. मागांची पूजा आणि तिचे तोंड मात्र नुसते फडक्याने पुसायचे, हे कुणाच्या मनाला पटले नाही. बाबालालने झाकण उघडले, हायड्रोजनची नळी सोडवली आणि हायड्रोजन जाण्यायेण्याच्या दोन्ही तोंडांतून कॉम्प्रेसरची हवा सणसणून मारली. आतून आरशासारखी झाली, असे तो अभिमानाने म्हणाला. बोट वैजयंतेने ओढले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पेटी जोडली. आळीत सगळ्यांनी असेच केले होते. बाबालालनेच बऱ्याच जणांच्या पेट्या फुंकून दिल्या होत्या.

"मग त्या इंजिनिअरला हे सांगितलं का नाही?" विश्वंभररावांनी विचारले.

"त्यानं इचारलं, हयगय झाली का म्हणून," बाबालाल म्हणाला. "पूजेला हयगय म्हणायची का वो सर? उलट जास्तीच काळजी घेतली की."

विश्वंभरराव सुताच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांचे ओठ हलत होते, पण खटखटाटात काही ऐकू येत नव्हते. वैजयंतेला वाटले, काकांना भोवळ आली. खरे तर ते हसत होते, आणि त्यांना स्वतःला ते चमत्कारिक वाटत होते.

निकेलला प्राणवायूची ओढ भारी असते. हायड्रोजनचा वेढा आहे तोवर ते चकचकीत राहते. तो वेढा उठवून हवा आत सोडली की त्यावर हिरवट हायड्रॉक्साइडची साय धरते. कार्बनचा पापुद्रा थोडीफार हवा अडवतो, कॉम्प्रेसरचा झोत नाही अडवत. अशी साय धरलेले निकेल हायड्रोजनला ओळखसुद्धा दाखवत नाही. प्लॅटिनमला हवेचे काही वाटत नाही. हे सगळे ढवळ्यांना पाठ होते. त्यांनीच त्यावर निबंध लिहिले होते. पण निबंधातल्या पेटीत हवा चुकून शिरायची, गळतीने शिरायची. कुणी ती प्रेमाने आत भरील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. प्रयोगशाळेत खंडेनवमीला काचेबाहेर नारळ फुटे आणि आतले काम चालू राही. आणि लहानपणी खंडेनवमीला वडलांच्या हातमागाच्या लाकडाला आपण स्वतः खोबरेल चोळत होतो, हे ते साफ विसरून गेले होते.

ती साय कोवळी असते तोवर उतरते. जून झाली की दगड. आता बरेच दिवस लोटले होते. तरी त्यांनी वैजयंतेला दोन गोष्टी मागितल्या : शेजारच्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याच्या, बॉयलरचे गरम पाणी आणि एकदिश वीज देणारा जुना चार्जर. पेटीला हायड्रोजन जोडायचा, ती पडद्याला सोसेल तेवढी तापवायची आणि तिच्यातून वीज काढण्याऐवजी तिलाच उलटी वीज पाजायची. निकेलने हवेकडून घेतलेले त्याच्याकडून परत काढून घ्यायचे, एवढीच युक्ती. सायझिंगवाल्या बुगडांनी पाणी दिले. देताना, तुमच्या निकेलला अंघोळ घालताय का, म्हणून विचारलेही. वैजयंता म्हणाली, होय, आणि अंघोळ झाली की तुमच्याकडे बी जेवायला येणार हाय.

सकाळी सुरू केलेले काम दुपारभर चालले. बाबालाल नमाजाला जाऊन आला. पेटीला जोडलेल्या वीजमापकाचा काटा हलत नव्हता. विश्वंभरराव मनातल्या मनात माफीचे पत्र रचू लागले. चहाच्या वेळेला काटा कापल्यासारखा थरथरला आणि वर सरकू लागला.

संध्याकाळी त्या पेटीवर सोळापैकी नऊ माग चालले. दहावा सुरू केला की दम तुटायचा. पेटीतले काही पत्रे पुन्हा जागे झाले होते, काही कायमचे गेले होते. वैजयंतेने ओढणी तोंडावर धरून हुंदका गिळला आणि लगेच कुणावर तरी ओरडली, धागा तुटलाय दिसत नाही का म्हणून.

माग आणि पेटी बंद केल्यावर विश्वंभररावांनी तिथूनच समितीच्या अध्यक्षांना, जयवंत राजाध्यक्षांना, फोन लावला. आपण होऊन त्यांनी कुणाला फोन केल्याचे राजाध्यक्षांनाही आठवत नसावे. दोघे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. राजाध्यक्ष बोलण्यात पटाईत. एका परिषदेत ढवळ्यांचा आवाजच फुटेना, तेव्हा त्यांचा निबंध राजाध्यक्षांनी वाचला आणि टाळ्या घेतल्या. पुढेही ढवळ्यांचे बोलायचे असले की राजाध्यक्षच उभे राहत. त्यात कपट नव्हते. एकाला बोलता येत होते आणि दुसऱ्याला नको होते.

राजाध्यक्षांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि मग म्हणाले, की यातून तर समितीचेच म्हणणे सिद्ध होते. लोक पूजा करणारच. निकेल पूजा सोसत नाही, प्लॅटिनम सोसते. मग परवाना कशाचा द्यायचा?

हा मुद्दा खोटा नव्हता. विश्वंभररावांना तो बोलता बोलताच दिसला होता. नेहमीच्या सवयीने ते 'बरोबर आहे तुझं' म्हणायला गेलेही. समोर बाबालाल पेटीचे झाकण मांडीवर घेऊन आतल्या बाजूने फडके मारत होता, हायड्रोजनच्या तोंडात रबराचे बूच स्वतःच्या हाताने दाबून बसवलेले.

"जयवंत, प्लॅटिनमच्या पेटीला कुलूप आहे," ते म्हणाले. "तिची पूजा आमच्या आळीत बाहेरूनच करतात. परक्याच्या दाराला नमस्कार करावा तशी. माझी पेटी त्यांनी उघडली, कारण ती त्यांची आहे."

"म्हणून बिघडली ना?"

"म्हणून बिघडली, आणि म्हणूनच आज दुरुस्त झाली. इथंच, सायझिंगच्या पाण्यावर. तुझ्या कुलपातली बंद पडली असती तर आम्ही कंपनीच्या माणसाची वाट बघत बसलो असतो."

राजाध्यक्षांनी अगदी मायेने विचारले, "हे तू दिल्लीला येऊन बोलणार? भरल्या सभागृहात? विशू, तुला मी ओळखतो. तुझा निबंधसुद्धा मी वाचला होता."

"वाचलास. छान वाचलास. पण शेवटचा परिच्छेद गाळलास, वेळ संपली म्हणून."

"काय होतं त्यात?"

"पेटीला कुलूप नसावं, असं होतं. आता मी वाचीन. अडखळत वाचीन, पण तुम्हाला बसून ऐकावं लागेल."

त्यांनी फोन ठेवला. मग वैजयंतेनेच वादाला सुरुवात केली. दिल्लीला जाऊन नुसती पेटीची बाजू मांडून भागणार नव्हते. पुढच्या खंडेनवमीला काय? झाकण उचलले की हायड्रोजनची दोन्ही तोंडे आपोआप मिटतील अशी झडप बसवू, असे विश्वंभररावांनी सुचवले. तिने मान हलवली. लोक झडप दाबून धरतील आणि फुंकतील. फुंकल्याशिवाय सफाई झाली असे कुणाला वाटणारच नाही.

"आमाला फुकायला कायतरी ठेवा की सर," बाबालाल म्हणाला. "मोकळ्या हातानं कसली खंडेनवमी?"

विश्वंभररावांनी हवेच्या बाजूची जाळी काढून पाहिली. तुसीने ती निम्मी बुजली होती; वर्षभर पेटी अर्ध्या श्वासावर चालली होती आणि हे कुठल्याच सूचनेत नव्हते. ही बाजू कितीही फुंका. फुंकलीच पाहिजे. झडप हायड्रोजनच्या बाजूला आणि कॉम्प्रेसर या, हवेच्या बाजूला. त्यांनी सुताचे कोन येतात त्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर नकाशा काढायला घेतला, आणि बाबालालने जाळी बाहेर काढायला सोपी पडावी म्हणून तिला कडी लावायला सांगितली.

उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्येच बसून लिहिले. पहिला खर्डा वैजयंतेने वाचला आणि परत दिला. त्यात 'बहुधा' हा शब्द ओळीओळीला होता.

"काका, हे उत्तर हाय का हवामानाचा अंदाज?"

त्यांनी एकेक 'बहुधा' खोडला. एक ठेवला. सगळे पत्रे पुन्हा जागे का झाले नाहीत, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे ते कुणासाठीही लिहिणार नव्हते. बाकी पत्र असे झाले :

'प्रिय जयवंत, मी असहमत आहे. आमच्या आळीतल्या पेट्या निकेलच्या दोषाने बंद पडल्या नाहीत. आम्ही त्यांच्या हायड्रोजनच्या बाजूत हवा भरली, आणि तसे करू नये हे मी त्यांना सांगितले नव्हते. ती उणीव माझ्या रचनेची आहे आणि ती मी दुरुस्त करत आहे. नकाशा सोबत जोडला आहे. माणसांना यंत्र उघडता येते हा यंत्राचा दोष धरून परवाना नाकारणे मला मान्य नाही. पेटीतले काही पत्रे बहुधा साय जून झाल्यामुळे सावरले नाहीत. त्याचा तपास चालू आहे. अहवालातला माझा गौरव काढून टाकावा. सुनावणीला मी येत आहे. बोलायला वेळ लागेल, तेव्हा वेळ जास्त ठेवावी. तुझा, विश्वंभर.'

सही करताना पेनाची शाई अडली. त्यांनी पेन झटकले आणि पूर्ण नाव लिहिले.

पोस्टात रांग होती. मुख्य रस्त्यावरचे ते पोस्ट आता निम्मे बँक आणि निम्मे सरकारी दाखल्यांचे दुकान झाले होते, पण टपालाची एक खिडकी अजून होती. वैजयंता सोबत यायला निघाली होती. त्यांनी तिला येऊ दिले नाही. रांगेत पुढे बुगड उभे होते. त्यांनी मागे वळून, निकेलचं काय झालं हो, असे विचारले. चारचौघांत कुणी काही विचारले की विश्वंभरराव एरवी छताकडे पाहत. आज त्यांनी बुगडांकडे पाहिले आणि सांगितले, की नऊ माग चालू आहेत, तुमची पेटी दुपारनंतर तापवायला घेऊ, पाणी तुमचेच लागेल. बुगडांनी मग, पाणी किती वाजता सोडू, असे विचारले.

खिडकीतल्या बाईंनी लिफाफा वजनकाट्यावर टाकला. पत्ता वाचला, पडद्यावर बोटे फिरवली आणि मान वर न करता विचारले, "आत काय आहे?"

"नकार," विश्वंभरराव म्हणाले.

बाईंनी आता मान वर केली. मग त्यांनी 'कागदपत्रे' असे टंकले, लिफाफ्यावर शिक्का मारला आणि तो मागच्या दिल्लीच्या पोत्यात टाकला.